सरांच्या कथेतली चिता

आठवी सोडून मी नांदेडला आलो. इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं शिवायला, लेबलं चिकटवायला मला मराठीच्या सरांनी लावलं. वाचायची गोडीही त्यांनीच लावली. त्यामुळे त्यांची चूक काढणं मला जड जातं.

त्यांनी माझ्या घरावर कथा लिहिली. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी मला वाचायला दिली. शेवटी आमच्या शिरूर अनंतपाळकडचा म्हातारा वारतो आणि मुलगा चितेला अग्नी देतो. ज्वाळांचं वर्णन लई भारी. पण तो म्हातारा म्हणजे माझे वडील, आप्पा, आणि आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात.

दोन दिवस कागद पिशवीतच ठेवले. इथं हे बोलायला तरी कोण होतं? अंक गावी गेला तर भाऊ म्हणणार, यानं आप्पाला कागदावर जाळलं. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.

सर हसले. "अरे, ते तुझे आप्पा नाहीत. तुझ्यासारख्या शेकडो घरांचं प्रतिनिधित्व करणारं पात्र आहे ते."

"हाव सर. पण ती शेकडो घरं बी जाळत न्हाईत."

सरांचं हसू थांबलं. त्यांनी कागद पुढं ओढला. "बरं, मग सांग. कसं बसवलं? तू काय केलंस?"

"आलोच" म्हणून मी उठलो. आप्पा वारले तेव्हा लॉकडाऊन होतं, जिल्ह्याची हद्द बंद. भावाचा फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं. मी मातीला नव्हतो, हे सरांना कधी सांगितलंच नव्हतं.

व्हरांड्यात जाऊन भावाला फोन लावला. "दादा, आप्पाला कसं बसवलं होतं?"

"आत्ता इचारायलास व्हय?" तो करवादला. मग म्हणाला, "मांडी घालून. डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग ठेवलं. बोटं मिटंनात, म्या धरून बसलो. इधीला आलेले जंगम म्हनले, दुसरं पोरगं कुठाय? म्हनलं, त्याच्या वाटची माती बी मीच टाकतो."

आत येऊन सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते भराभर लिहीत होते. मधेच मान वर करून त्यांनी विचारलं, "आणि धाकटा मुलगा? त्याला तिथं उभा करू का? कथेत चालतं तसं."

मला फार वाटलं, हो म्हणावं.

"नको सर," मी म्हणालो. "तो नांदेडला होता. खोलीवर. तेवढंच लिहा."