भार पावडरचा की शर्टाचा?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर रशीदभाईंचे. आमच्या प्रयोगशाळेतले ते यंत्र-कारागीर. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, नसीमचा, फोन आला... अब्बा गेले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुण्यात दम्याच्या औषधावर संशोधन करत होतो. श्वासातून घ्यायच्या पावडरचे कण एकमेकांवर घासतात, त्यांच्यावर विद्युतभार चढतो आणि मग ते फुप्फुसात पोचण्याआधी घशातच चिकटतात, असा आमचा अंदाज होता. तो भार मोजायला रशीदभाईंनी पितळेचा पेला घडवला होता. पावडर पेल्यात पडली की जोडलेल्या मीटरचा काटा हलायचा.

मोजमापाचा दिवस खास, म्हणून मी आईने शिवून घेतलेला टेरिलीनचा शर्ट घालायचो; अंगातून काढताना तो चटचट वाजायचा. आकडे भरघोस येत होते. अहवाल माझ्या मार्गदर्शक सरांच्या टेबलावर पोचला, आणि दुसऱ्या दिवशी रशीदभाई म्हणाले, "अहो संशोधक, पेला रिकामा आहे. जरा हात वर करा."

मी हात वर केला. काटा हलला.

"भार पावडरचा मोजताय की शर्टाचा?"

अहवाल मागे घेतला तर पदवी वर्षभर लांबणार होती, आणि गावी वडील वाट बघत होते. रशीदभाई पेला पुसत म्हणाले, "मी कुणापाशी बोलणार नाही. पेला माझा, वही तुमची."

मी सरांकडे गेलो. सर बरंच बोलले. परत आलो तेव्हा रशीदभाई पेल्याभोवती बसवायला दुसरा, मोठा पेला लेथवर कातत होते. "बाहेरचं आत शिरायला नको," एवढंच म्हणाले. सगळी मोजमापं पहिल्यापासून केली. आकडे लहान आले, पण खरे आले. त्या आकड्यांवर मिळालेली पदवी मी आजही ताठ मानेने सांगतो.

परवा विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेलो. नसीमने कपाटातून तोच जुना पेला काढला. आत माझं पत्र होतं, नोकरी लागल्यावर पाठवलेलं.

"आदरणीय रशीदभाई, नमस्कार. नव्या जागी काल पहिलं मोजमाप घेतलं. आधी रिकाम्या पेल्यासमोर हात वर केला. इथले लोक हसले. काटा हलला नाही, मगच पावडर घातली. आईला सगळं सांगितलंय. आता ती सुती शर्ट शिवून घेते."