परिचयातून गाळलेली सहा वर्षं

नव्वदीच्या सुरुवातीला मी बहरीनला गेले. नवरा आधीच तिथे एका हॉटेलच्या किचनमध्ये होता आणि चार वर्षांची पोर वसईला माझ्या आईवडिलांकडे. सिक्युरिटी गार्डना ट्रेनिंग देणाऱ्या एका कंपनीत मी सेक्रेटरी म्हणून लागले, पण प्रोबेशनवर. साहेबांनी पक्कं केलं तर पोरीचा व्हिसा, नाहीतर खलास, आपणच परत जायचं. हा एकच विचार डोक्यात घेऊन मी रोज सनद नावाच्या उपनगरातून राजधानीत, मनामाला यायचे.

साहेब ब्रिटिश. आधी सैन्यात मेजर, मग ब्रिटनच्याच पोलिसात, आणि रिटायर झाले तेव्हा तिथले फार मोठे अधिकारी. बोलणं कमी, पण माणूस भला. माझ्या टायपिंगच्या चुकांभोवती पेन्सिलीने गोल करायचे आणि वर 'थँक्यू' लिहायचे. आता चुकांना कुणी थँक्यू म्हणतं का? मला तो टोमणाच वाटायचा.

आमच्या मराठी मंडळींनी मुलांच्या बक्षीस समारंभाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. पाहुणे आले म्हणजे परिचय आलाच, आणि आपल्याकडचा परिचय कसा असतो ते मी काय सांगू! पाहुणा बिचारा खुर्चीत अवघडून बसलेला आणि माइकवरून त्याची जन्मापासूनची कर्तबगारी चाललेली. लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. साहेबांकडे माहिती मागितली तर त्यांनी एका कागदावर सगळी नोकरी लिहून दिली.

वाचता वाचता मी थबकले. सैन्यातून मेजर म्हणून बाहेर पडले आणि पोलिसात भरती झाले साधे हवालदार! सहा वर्षं रस्त्यावर गस्त घातली. तिकडे म्हणे सगळ्यांनाच तळापासून सुरुवात करावी लागते. मी म्हटलं, अगं बाई, हे स्टेजवरून वाचायचं? लोक म्हणतील, मेजरचा हवालदार झाला! साहेबांची अब्रू राखायला मी ती सहा वर्षं सरळ गाळून टाकली. माझ्या परिचयात मेजरसाहेब एका वाक्यात मोठे पोलीस अधिकारी झाले. वाक्यही काय झोकदार जमलं होतं!

गुरुवारी संध्याकाळी परिचय वाचला गेला, टाळ्या पडल्या. साहेब उठले आणि म्हणाले, "परिचय छान आहे. पण माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली सहा वर्षं त्यात नाहीत. मी हवालदार होतो." मग त्या रस्त्यावरचा बेकरीवाला, वाट चुकलेल्या म्हाताऱ्या, असं काय काय सांगत राहिले. हॉल खदाखदा हसत होता. मी मात्र मनातल्या मनात बॅग भरत होते.

शनिवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझाच प्रोबेशनचा फॉर्म.

"का गाळलंत?" त्यांनी विचारलं.

टाइप करायचं राहिलं, अशी थाप मारता आली असती. पण तोंडातून खरंच निघालं. "सर, माझे वडील हवालदार होते. जन्मभर सलाम ठोकले, साहेबांच्या घरचं दळण आणलं, मडमांच्या पिशव्या उचलल्या. शाळेत मी कुणाला सांगायचे नाही. तुम्हाला कुणी तसं हलकं समजावं, हे मला नको होतं." बोलता बोलता मला रडू फुटलं. पप्पांची लाज वाटायची, त्याचीच आता लाज वाटत होती.

साहेबांनी फॉर्मवर बोट ठेवलं. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'सरकारी नोकरी' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं, वर 'पोलीस कॉन्स्टेबल' असं स्पष्ट अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. "मुलीच्या व्हिसाचं पत्र आजच टाइप करा," म्हणाले.

त्याच दिवशी मी वसईला शेजाऱ्यांकडे फोन लावला. पप्पा धावत आले. पोरीचा व्हिसा होणार म्हणून सांगितलं, मग फॉर्मचंही सांगितलं.

"साहेबाने स्वतःच्या हाताने लिहिलं?" पप्पांनी विचारलं.

"हो, पप्पा."

"काय लिहिलं, परत सांग."

मी परत सांगितलं. मागून माझी पोर विचारत होती, मम्मीकडे कधी जायचं? आणि एरवी तिचा शब्द खाली पडू न देणारे पप्पा तिला म्हणत होते, "थांब गं बाळा, मला अजून एकदा ऐकू दे."