चिठ्ठीकाकांचा तीन नंबर

माझ्या काकांना सगळी गल्ली चिठ्ठीकाका म्हणते आणि ते त्यांना मनापासून आवडतं. विजेची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं वायरींना नंबर लावले. कपाटाएवढं पॅनेल, त्यात पाचपाचशे वायरी, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना काकांच्या हातचा नंबर. एकतीस वर्षांत एकही नंबर चुकला नाही, असं ते सांगतात. किती वेळा सांगतात, ते मोजणं मी सोडून दिलं आहे.

निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण खोड सुटली नाही. घरातल्या प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी आली. साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि त्याखाली 'मीठ नव्हे'. महिन्यापूर्वी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर त्यांच्या काठीवर 'काठी' आणि उशाशी ठेवलेल्या बाटलीवर 'पाणी'. काकूंनी डॉक्टरांना गंभीरपणे विचारलं होतं, की नव्या गुडघ्यावरही एक चिठ्ठी लावून घेऊ का, म्हणजे घरी गेल्यावर शोधाशोध नको. काका मात्र कोणाच्या हसण्याला भीक घालत नाहीत. माणूस विसरतो, चिठ्ठी विसरत नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, फुटबॉलची पंच आहे. मधे शिट्टी घेऊन पळणारी नव्हे, कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन पळणारी. त्या रविवारी तिचा पहिला मोठा सामना होता, दुपारी चार वाजता. तो टीव्हीच्या कुठल्याही चॅनेलवर नव्हता, फक्त इंटरनेटवर दिसणार होता. याआधी तिचा एक लहान सामना काकूंनी माझ्या कॉम्प्युटरवर पाहिला होता. त्या छोट्या पडद्यावर पंच म्हणजे तांदळाचा दाणा. तासभर काकू डोळे भरून कौतुक करत राहिल्या आणि शेवटी कळलं, की त्या पलीकडच्या रेषेवरच्या पंचाला बघत होत्या. त्याला मिशा होत्या.

तेव्हा या वेळी ताई टीव्हीवर, मोठीच्या मोठी दिसली पाहिजे, एवढं एकच काकूंनी मागितलं होतं. काका म्हणाले, त्यात काय, कॉम्प्युटरला वायर जोडायची, वायर टीव्हीला जोडायची, झालं.

साडेतीनला मी माझा कॉम्प्युटर घेऊन वरच्या मजल्यावरून खाली आले. भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे वायरी खुपसायच्या तीन जागा होत्या आणि तिन्हींवर काकांच्या चिठ्ठ्या: एक, दोन, तीन. दोनमध्ये रोजच्या चॅनेलचा डबा होता. काकांनी हात मागे घालून एकमध्ये वायर बसवली आणि रिमोटवर एक नंबर निवडला. पडदा निळा झाला आणि मधोमध अक्षरं आली: सिग्नल नाही.

काकांना खरं तर आनंदच झाला. बिघाड म्हणजे त्यांच्यासाठी पंगतीचं आमंत्रण. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि जाहीर केलं, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. सिग्नल नाही. टीव्ही बंद करून चालू केला, मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सिग्नल नाही. मी कॉम्प्युटरला सांगून पाहिलं, की बाबा रे, तुझं चित्र तिकडेही दाखव. तो म्हणाला, दाखवतोच आहे. मी वर धावत जाऊन दुसरी वायर आणली. तीही तशीच. घड्याळात पावणेचार झाले होते.

तेवढ्यात खुर्चीतून काकू म्हणाल्या, "अहो, जरा तीनवर लावून बघा ना."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू कोणी पॅनेलवर ओला कपडा वाळत घातला. "अगं, तीनमध्ये वायरच नाही. चित्र येणार कुठून? मी लिहिलंय ना तिथे."

बोलणं बिनतोड होतं. मलाही पटलं, हे कबूल करते. काकू नुसत्या हसल्या.

चारला दहा मिनिटं असताना काकांनी निकाल दिला, की एक नंबरची जागाच मेली आहे आणि टीव्ही भिंतीवरून उतरवून मागून उघडावा लागेल. ते पेचकस आणायला वळले. मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. लेक झेंडा घेऊन मैदानात उतरणार आणि इथे टीव्ही पलंगावर उताणा पडलेला, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी काठी उचलली.

"मी जरा पाणी पिऊन येते," असं म्हणून त्या एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी उठले तर मला हातानेच बसवलं.

काका पेचकस घेऊन टीव्हीखाली उभे राहिले. मागे पाहिलं, काकू नाहीत. माझ्याकडे पाहिलं, तर मी कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातलेलं. तो नातेवाइकांचा धर्म असतो. काकांचा अंगठा हळूच रिमोटवर गेला आणि त्यांनी तीन दाबलं.

टीव्हीवर हिरवंगार मैदान उमटलं.

मला तिथल्या तिथे उलगडा झाला. टीव्ही भिंतीवर चढवायच्या आधी पलंगावर पालथा घातला होता, तेव्हा मीच दुसऱ्या बाजूने धरून उभी होते. काका उशाकडून वाकले होते, चष्मा नव्हता, आणि टीव्हीवरचे बारीक आकडे वाचायच्या भानगडीत न पडता त्यांनी डावीकडून मोजून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नेमक्या त्या आकड्यांवरच. एकाचा झाला तीन, तिनाचा झाला एक. मधला दोन कुठूनही मोजला तरी दोनच, म्हणून दोन वर्षं चॅनेलं व्यवस्थित लागत होती आणि काकांची अब्रू शाबूत होती.

काकू परत आल्या तेव्हा काका पेचकस पाठीमागे लपवून उभे होते. वायर सैल होती, असं त्यांनी मोघम सांगितलं. काकू "हो का" म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण इतकी हळू बोंब पहिल्यांदाच ऐकली.

सामना सुरू झाला. ताई अलीकडच्याच रेषेवर होती, हातभर मोठी, काळ्या पोशाखात. काकू खुर्चीच्या टोकाशी सरकल्या. तिच्या बुटाची नाडी नीट बांधलेली आहे, हे त्यांना दिसलं आणि त्या केवढ्या सुखावल्या ते मी पाहिलं.

मध्यंतराला थोडा वेळ असताना चेंडू तिच्यासमोरून रेषेबाहेर गेला. ताईने झेंडा डावीकडे दाखवला. लोक ओरडले. क्षणभर ती थांबली, मग तिने मान हलवली, झेंडा उजवीकडे केला आणि दुसरा हात वर करून चूक आपली असल्याचं सगळ्या मैदानाला सांगितलं. काही जणांनी शिट्ट्या मारल्या. ती मान ताठ ठेवून पुन्हा रेषेवर धावायला लागली.

मी काकांकडे पाहिलं. मला त्यांचा थोडा राग आला होता, तो तिथेच विरघळला, कारण त्यांचे डोळे भरले होते. लेकीने हजारो लोकांसमोर केलेली गोष्ट त्यांना तीन माणसांच्या खोलीत जमली नव्हती. मध्यंतर झालं तसे ते उठले, टीव्हीच्या मागे हात घालून त्यांनी चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि तळहातावर घेऊन काकूंसमोर उभे राहिले.

"वायर सैल नव्हती," ते म्हणाले. "चिठ्ठ्याच मी उलट्या लावल्या होत्या."

काकूंनी चिठ्ठ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीशेजारी 'पाणी' लिहिलेली बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. ती उचलून त्यांनी काकांच्या हातात दिली.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "नाहीतर या गुडघ्यावर मी स्वयंपाकघरात कशाला गेले असते?"