भाऊजींचं बोट

भिलाईच्या खुर्सीपारला माझं पंप-नोझलचं दुकान आहे. डिझेल गाड्यांचे इंजेक्टर आणि पंप आम्ही खोलतो, साफ करतो, टेस्ट बेंचवर लावून तपासतो आणि परत बसवून देतो. इतकी वर्षं हे करून माझं एक मत पक्कं झालं आहे. डिझेलचं इंजिन माणसापेक्षा समजदार असतं. बिघडलं की ते धूर सोडतं, ठोके देतं, नाहीतर सरळ बंद पडतं. माणूस बिघडला की सल्ला द्यायला लागतो.

आणि भिलाईत सल्लागारांना तोटा नाही. घरटी एक तरी माणूस स्टील प्लांटमध्ये आहे, नाहीतर होता. ज्याने लोखंड वितळताना पाहिलं, त्याला दारातली गाडी म्हणजे खेळणं वाटतं. कोणी इंजेक्टरचं टोक एमरी पेपरने घासून आणतो. कोणी टाकीत रॉकेल ओततो, म्हणे घसा साफ होतो. एक गृहस्थ तर इंजेक्टर घरच्या कुकरमध्ये उकळून घेऊन आले आणि वर मलाच विचारू लागले, की शिट्ट्या किती द्यायच्या होत्या. वरणाला देता तेवढ्याच द्या, म्हटलं. लोक माझ्या मागे बोलतात, की कारागीर चांगला आहे पण तोंड फटकळ आहे. समोर बोलले तरी माझी काही हरकत नाही.

या साऱ्या मंडळींचे मुकुटमणी म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये. नोकरी काय, तर प्लांटमध्ये नव्या मजुरांपुढे सुरक्षिततेवर भाषण करायचं. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, चालू मशीनला हात लावू नका. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस झोपतानासुद्धा सेफ्टी बूट घालत असेल. गेटबाहेर पडले की तेच हेल्मेट स्कूटरच्या आरशाला लटकतं आणि साहेब मोकळ्या टकलावर वारा घेत घरी येतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

भाऊजींनी तरुणपणी कुणाच्या तरी जुन्या डिझेल जीपवर थोडा हात चालवला होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले ते तेव्हाच. त्या जीपवर ते एक रीत शिकले. इंजिन चालू ठेवायचं आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करायचे. ज्या नटाने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तिथला इंजेक्टर मेलेला. जुन्या गाड्यांत ही रीत बरोबर होती, मीही तीच शिकलो. पण नव्या गाड्यांत डिझेल एका जाड नळीत भयंकर दाबाने साठवलेलं असतं. चालू इंजिनवर तिथला नट ढिला केला, तर केसाएवढी धार सुटते आणि हातमोज्यासकट कातडी भेदून आत शिरते. वरून दिसतो फक्त एक ठिपका. आत मांस सडायला लागतं.

हे मी भाऊजींना सांगितलं नव्हतं असं नाही. भाऊजींनी वापरलेली, पण या नव्या धाटणीच्या इंजिनाची डिझेल गाडी घेतली त्याच दिवशी बजावलं होतं, की त्या पाइपांना हात लावण्याआधी बोटं मोजून ठेवा, नंतर कमी भरतील. सगळे हसले. ताई म्हणाली, "याचं नेहमीचंच हाय."

विश्वकर्मा पूजेच्या दिवशीची गोष्ट. त्या दिवशी इथे कोणी हत्यार उचलत नाही. माझ्याही दुकानात पाने धुऊन-पुसून लाल कापडावर मांडलेले होते, टेस्ट बेंचला हळदकुंकू लागलं होतं. नारळ फोडतोय तेवढ्यात भाऊजींचा फोन.

"गाडी मिसिंग करून राहिली रे. तुह्या ताईले घेऊन पूजेले जायचं हाय डिपार्टमेंटमंधी."

"स्कूटरवर जा. उद्या आना गाडी. आज मी पाना नाही उचलत."

"अबे, पाच मिनटाचं काम हाय."

"मंग उद्या पाच मिनटात करून देतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

दुपारी ताईकडे जेवायला बोलावलं होतं. गेलो, तर क्वार्टरच्या दारात गाडी उभी, बॉनेट उघडं, इंजिन चालू. सकाळी गाडीचीही पूजा झालेली, त्यामुळे बॉनेटवरून झेंडूचा हार लोंबत होता. त्याखाली सुरक्षा अधिकारी बनियन आणि रबरी चपलेवर वाकलेले, कपाळाला टिळा, हातात सतरा नंबरचा पाना. वर्षातून एकच दिवस हत्याराला हात लावायचा नाही. नेमका तोच दिवस या माणसाने हत्यार उचलायला निवडला!

मी "अहो" म्हणेपर्यंत फस्स असा आवाज आला. भाऊजींनी हात झटकला. मी धावत जाऊन चावी फिरवली आणि त्यांचा उजवा हात धरला. तर्जनीच्या पेरावर एक ठिपका होता. रक्त नव्हतं.

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "सुई टोचल्यावानी झालं जरासक."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला म्हणालो. बोट सडेल, पंजा जाईल, भाषण डाव्या हाताने कराल, असं काय काय बोललो. अक्कल गेटवर जमा करून येता काय, हेही विचारलं. शेजारच्या क्वार्टरमधले लोक गॅलरीत आले. ताई हळदीची वाटी घेऊन बाहेर आली.

"सणावाराच्या दिवशी कावून बोंबलून राहिला रे?"

"ताई, बोटात डिझेल घुसलं हाय. बोट चिरा लागते, आजच."

"मांगं तू म्हने गॅसची शेगडी फुटन. फुटली का? मंग म्हने गाडी पेटन. पेटली का? तू तं रोजच आमाले मारून राहिला."

तिने ठिपक्यावर हळद दाबली आणि पानं वाढायला आत गेली. भाऊजी हात धुऊन तिच्या मागोमाग गेले आणि पाटावर बसले. मी दारात उभा राहून आणखी ओरडलो. जितका मी चढत गेलो तितके ते दोघं निवांत होत गेले. ताईने भाऊजींना पुरी वाढली, मला म्हणाली, "तूही बस, भूक लागली की तुले असंच होते."

भाऊजी पुरीचा तुकडा तोडायला गेले. चार बोटं वाकली, तर्जनी ताठच राहिली. भाऊजींचं लक्षही नव्हतं. बधिर बोट दुखत नाही. दुर्गकडच्या एका मिस्त्रीला मी ओळखतो. त्यालाही असंच दुखलं नव्हतं, त्याने रात्रभर वाट पाहिली. आता तो चहाचा कप डाव्या हाताने धरतो, कारण उजवीकडे धरायला काही उरलेलं नाही.

मला भीती वाटली. खरं सांगतो, रडूच यायला लागलं. ओरडायला आवाज शिल्लक नव्हता. मी भाऊजींच्या शेजारी जमिनीवर बसलो, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "भाऊजी, चला ना. तुमच्या पाया पडतो, चला."

पुरी तशीच हातात राहिली. ताईचा पळा खिरीच्या पातेल्यात थांबला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"हा असा कावून बोलून राहिला?" त्यांनी तिला विचारलं. "अवं, हा असा कवा बोलते का?"

ताईने पातेलं तसंच टाकलं. भाऊजी उष्ट्या हातानेच उठले आणि माझ्याआधी दाराबाहेर पडले.

डॉक्टरने बोट दाबून पाहिलं, काय घुसलं ते विचारलं आणि पुढचा प्रश्न न विचारता ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. बोट तळहातापर्यंत चिरलं. पंजा वाचला. तर्जनीची वरची दोन पेरं मात्र गेली. आणखी उशीर झाला असता तर हात राहिला नसता, हे डॉक्टरने ताईला सांगितलं आणि ती बाकावर बसून रडली. माझा हात तिने धरून ठेवला.

आता भाऊजी भाषणात तेच थोटं बोट वर करून दाखवतात. मजूर पहिल्यांदाच जागे राहून ऐकतात, असं ते स्वतःच कौतुकाने सांगतात. हेल्मेट अजून आरशालाच असतं.

परवा ते दुकानात आले. गाडी काळा धूर सोडत होती. त्या दिवशी माझा घसा बसला होता, कुणाशी वाद घालायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "या भाऊजी. बसा. चहा सांगू?"

भाऊजी उंबऱ्यातच थबकले. थोट्या बोटाचा हात खिशात गेला.

"काय झालं?"

"काही नाही. बसा ना."

"कोनाले काय झालं? तुह्या ताईचा फोन आला काय? खरं सांग, बाप्पा."

मग बसलेल्या घशाने, होता तेवढा जोर लावून मी ओरडलो, "चपला बाहेर काढा आधी! अन् त्या बेंचले हात लावला तं उरलेली बोटंही काढून देईन!"

भाऊजींनी मोठा श्वास सोडला, चपला काढल्या आणि स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, "हं. आता सांग चहा."