रेवेनाची वार

पारातेनेला वाइआपू नदीच्या काठी सगळे पारा म्हणत, पण त्याचा पारा चढलेला कुणी पाहिला नव्हता. जन्मभर त्याने लोकांची कुंपणं घातली. खड्डा खणायचा, खांब रोवायचा, तार ताणायची. यापलीकडचं सगळं त्याने बायकोवर, हेनीवर, सोडलेलं. घोड्या हेनीच्या. घरात पाव नसला तरी चालेल, पण घोड्यांना दाणा हवा, अशी ती बाई.

मागच्या थंडीत हेनी गेली. मागे राहिली रेवेना, गाभण घोडी, खरपूस भाजलेल्या रेवेना पावाच्या रंगाची, म्हणून तेच नाव. बाकीच्या घोड्या पाराने भाच्यांना देऊन टाकल्या. हिला कुणी मागितलं की मात्र त्याला ऐकू यायचं नाही. रोज सकाळी चहाचा मग घेऊन तो कुंपणाशी जायचा आणि गावच्या बातम्या तिला सांगायचा, हेनीला सांगायचा तशाच.

वसंतातल्या एका सकाळी तो गेला तर शिंगरू बाहेर आलेलं. ओलंचिंब, चार पाय चार दिशांना. पाराने हेनीच्या डब्यातलं आयोडीन काढून बेंबीला लावलं. शिंगरू पडलं, उठलं, आईच्या पुढच्या पायांत दूध शोधत राहिलं. शेवटी कास सापडली आणि चीक ओढताना त्याची आखूड शेपटी हलायला लागली. पारा गवतावर बसून रडला. कितीतरी महिन्यांनी त्याला कुणाला तरी हाक मारून काही दाखवावंसं वाटलं होतं.

मग वार पडली. आमच्या भाषेत वार आणि जमीन या दोन्हींना एकच शब्द आहे, फेनुआ. म्हणून बाळाची वार आम्ही जमिनीला परत देतो. माणसांची जागा घरामागच्या टेकडीवर. घोड्यांसाठी हेनीने खाली कुंपणाशी जागा ठरवली होती, आणि त्यावरून लोक तिला हसत. खड्डा खणायचं काम पाराचं. तो फावडं घेऊन थांबायचा. घोडीची वार दोन पायांच्या विजारीसारखी असते; हेनी ती गवतावर तशीच पसरायची आणि मान खाली घालून, ओठ हलवत, बराच वेळ उभी राहायची. ती प्रार्थना करतेय असं पारा समजायचा. प्रार्थनेत कशाला तोंड घाला, म्हणून तो टोपी काढून नदीकडे बघत राही.

त्या सकाळी त्याने वार पोत्यात भरली, चांगला खोल खड्डा खणून पुरली, टोपी काढली आणि हेनीच्या वाटची प्रार्थनासुद्धा म्हटली.

दुपारी हेनीची धाकटी बहीण रिपेका तळलेला पाव घेऊन आली. पाराचे केस पिकल्यापासून ती त्याला कोरो, म्हणजे म्हातारबा, म्हणून चिडवायची.

"काय रे कोरो, या वयात बाप झाल्यासारखा मिरवतोयस."

"बघ तरी पोर कसं आहे ते."

"गोड आहे. तुझ्यावर नाही गेलं. वार पडली ना?"

"पडली. पुरलीसुद्धा."

"बघितलीस?"

"पुरली म्हणजे बघितलीच की. आंधळा आहे का मी?"

रिपेका हसली. तेवढ्यात शिंगराने तिची बाही तोंडात धरली आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी रेवेनाने दाण्याला तोंड लावलं नाही. संध्याकाळपर्यंत तिचे खूर तापले. पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून ती उभी होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर एकच विचारलं, वार अख्खी पडली होती का? मी येते, तोवर बघून ठेवा.

पुरलेली फेनुआ आमच्याकडे कुणी उकरत नाही. पारा फावडं धरून नुसता उभा राहिला. मग त्याने उकरलं. बातमी कळून आलेल्या रिपेकाने वार धुऊन गवतावर पसरली. विजारीचा एक पाय टोकापर्यंत धड होता. दुसऱ्याचं टोक फाटलेलं, तळहाताएवढा तुकडा नव्हताच. तो घोडीच्या पोटात राहून सडत होता आणि त्याचं विष खुरांत उतरत होतं.

"हेनी हेच बघायची," रिपेका हळू आवाजात म्हणाली. "टोकापासून टोकापर्यंत. स्वतःशी पुटपुटत."

"मला कधी सांगितलं नाही तिने."

"तू कधी विचारलंस?"

डॉक्टरीणबाईंनी पोट धुतलं, इंजेक्शनं दिली. पाराने घोडीचे पाय बर्फाच्या पाण्यात धरून ठेवले. पण खुरांनी साथ सोडली होती. आता हिला उभं ठेवणं म्हणजे छळ आहे, असं बाई म्हणाल्या तेव्हा पाराने मानेनेच हो म्हटलं, आणि बाईंनी शेवटचं इंजेक्शन दिलं.

भाचे खोदायचं यंत्र आणत होते, ते त्याने आणू दिलं नाही. त्यांना घेऊन फावड्यानेच खणलं. बाटलीच्या दुधावरचं शिंगरू त्याच्या मागेमागे होतं. खणताना त्याला एकच गोष्ट छळत होती. इतकी वर्षं तो हेनीपासून दोन पावलांवर उभा होता. काय बघतेस गं, एवढं विचारायला काय झालं होतं?

रेवेनाला खाली उतरवल्यावर तो खड्ड्याच्या काठावर टोपी हातात घेऊन, मान खाली घालून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. प्रार्थना करतोय असं समजून रिपेका नदीकडे बघत राहिली.

पारा बघत होता. कान, मान, पाठ, चारही पाय, एकेक करून, टोकापासून टोकापर्यंत.