तिच्या फटक्याकडे न बघता

शिरोलीत माझी लोखंड ओतायची छोटी फाउंड्री होती आणि माझा स्वभावही तिथंच घडला. ओतलेल्या मालात केसाएवढी चीर निघाली तरी माझं पित्त खवळायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघून गोल्फ सुचवलं. एकट्यानं जायची लाज वाटली म्हणून बायकोलाही ओढून नेलं. ती पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून खेळायची. मैदानावर गवत नावालाच, भोकाभोवती हिरवळीऐवजी तेल मारून बसवलेली वाळू आणि मध्येच कुणाच्या तरी म्हशी.

मी मारायला उभा राहिलो की डोक्यात नुसती गर्दी. खांदा, कोपर, भट्टी वेळेवर पेटली असेल का, झाडाखाली बसलेली माणसं हसतील का. नेम धरायचा, मागं व्हायचं, पुन्हा उभं राहायचं. चेंडू सुटल्यावरही मी त्याला "डावीकडं, डावीकडं" म्हणून हुकूम सोडायचो. आमची काठ्यांची पिशवी उचलणारे वयस्क चाचा एकदा म्हणाले, "सायेब, त्यो काय तुमच्या कारखान्यात कामाला न्हाय."

ऐकणाऱ्यातला मी नव्हतो. माझं बिघडलं की बायकोचं सुधारायला घ्यायचो. मनगट, मान, पाय. तिची काठी हवेत असतानाही माझं तोंड चालूच.

एका सकाळी तिनं काठी चाचांच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाली, "उद्यापासनं मी येणार न्हाय. घरात तुमचं ऐकतेच की. हितं तरी नको."

मला राग यायला हवा होता. आली ती भीती. ती आली नाही तर त्या उजाड मैदानावर मी एकटाच स्वतःवर ओरडत फिरणार होतो.

"आजचा डाव तर पुरा कर. मी बोलणार न्हाय," मी म्हणालो.

"तुमच्यानं हुणार न्हाय."

"मग बघतच न्हाय."

मी तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो. समोर एक म्हैस रवंथ करत होती. मागं तिचे बूट मातीत सरकले, मग बराच वेळ काहीच नाही. तिचा पाय चुकला असणार, मान वर असणार. माझी जीभ नुसती वळवळत होती. कारखान्यात ओतलेला तुकडा हातोडीनं वाजवून बघतात, अखंड असला तर खणखणतो. तिचा फटका तसा खणखणला. मागोमाग ती हसली. त्या मैदानावर तिला हसताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

"कुठं गेला?"

"सांगत न्हाय. आता तुमी मारा, मी बघत न्हाय."

तिनं पाठ केली, चाचांनीही केली. मी धडकन मारून टाकला. चेंडू थेट घाणेरीच्या झुडपात. कुणी पाहिलं नाही आणि मला काहीच वाटलं नाही. कायम काहीतरी टोचत असलेल्या माणसाला हे काहीच न वाटणंही चमत्कारिक वाटतं.

आम्ही दोघं वाकून चेंडू शोधत होतो. काटे बाजूला सारत ती म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?"

वेळ नेहमी मी ठरवायचो.

"तू म्हणशील तवा," मी म्हणालो आणि पुन्हा झुडपात वाकलो.