शनिवारचा प्रॉम्प्टर

आमच्या घरात टीव्हीपुढच्या जागा ठरलेल्या आहेत. मामांची लाकडी खुर्ची दाराशेजारी, चाचांची प्लास्टिकची खुर्ची तिच्या शेजारी, नवरा दिवाणावर मांडीवर ताट घेऊन आणि लेक खाली गादीवर लोळत. मला जागा नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी असते, एक डोळा गॅसवर ठेवून. गेलं वर्षभर दुसरा डोळाही टीव्हीवर नव्हता. तो मामांवर होता.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात, नवरा त्यांना दादा म्हणतो. त्यांनी पाणीपुरवठ्यात नोकरी केली ती पोटासाठी, जीव सगळा हौशी नाटकात. तिथंही तोंडाला रंग कधी लावला नाही. उभी हयात ते प्रॉम्प्टर होते. विंगेच्या अंधारात नाटकाची प्रत आणि बारकी बॅटरी घेऊन उभं राहायचं, नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, आणि टाळ्या पडल्या की प्रत बगलेत मारून चालत घरी यायचं. चाचा, मामांचे जुने दोस्त, त्याच मंडळींत पडदा ओढायचे, नटांचे कपडेही तेच शिवायचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, म्हणून चाचांचा मुक्काम आमच्याकडं.

दर शनिवारी संध्याकाळी सातला ती विनोदी मालिका लागायची. एक नाटक कंपनी, दर आठवड्याला नवं नाटक आणि दर आठवड्याला त्याचा बट्ट्याबोळ. राजाची मिशी राणीच्या गालाला चिकटून जायची. मेलेला माणूस स्टेजवर पडल्या पडल्या डास मारायचा. पडदा अर्ध्यावर अडकला की सगळे नट गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून उरलेलं नाटक पुरं करायचे. मला त्यात काय हसायचं ते कळायला वेळ लागला. मुळात मला कुणी पडलं की हात द्यायची सवय, हसू नंतर येतं.

बाकीच्यांचं तसं नव्हतं. नवरा तोंडात घास असताना हसायचा आणि ठसका लागला की माझ्याकडं बघायचा, जणू आमटी मीच तिखट केली. लेक स्टेजवरची भिंत पडायच्या आधीच हसायची, कारण तिनं तो तुकडा फोनवर आधीच बघितलेला असायचा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई "काय येड्यागत करत्यात बाई" असं म्हणत पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत हलायच्या नाहीत. आणि चाचा! चाचांच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. मांडीवर थापा मारत ते म्हणायचे, "अरं मर्दा, हे खरं हाय की सगळं! मलकापूरच्या प्रयोगाला आपली भिंत अशीच पडलती. आठवतंय का तुला?"

मामा हसायचे नाहीत. ते खुर्चीत पुढं सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. आणि टीव्हीतला नट वाक्य विसरून चाचपडायला लागला, की मामा त्याला शब्द द्यायचे.

पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही सगळे टीव्ही सोडून त्यांच्याकडं वळलो. पडद्यावर सेनापती तोंड उघडं टाकून उभा होता आणि मामा ओठ फारसे न हलवता म्हणाले, "महाराज, गड..." नाटक त्यांना कुठलं माहीत? पण उभ्या आयुष्याची खोड. त्यांना ती शांतता सोसेना. लेक हसून गादीवर गडाबडा लोळली. पुढच्या शनिवारी तिनं गुपचूप फोन धरला आणि आजोबांचं ते प्रॉम्प्टिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. झालं! पेठ वडगावपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना दर शनिवारी आजोबा पाहिजेत. गल्लीतली माणसं सातच्या ठोक्याला दारात चपला काढायला लागली. टीव्ही कुणी बघत नव्हतं, मामांना बघत होते. मी चहा ठेवत होते आणि आतल्या आत चडफडत होते.

कारण मला आठवड्यातले बाकीचे दिवस माहीत होते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोरच पिळतात, मामा रोज संध्याकाळी तिथनं ताजं दूध आणायचे. एकदा ते रिकामी किटली घेऊन परत आले आणि म्हणाले, "आज म्हशीच न्हाईत आल्या." मी चाचांच्या मुलाला विचारलं, तो तिथनंच दूध घेऊन आला होता. एकदा त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली आणि मी ओ दिली तर माझ्याकडं परक्यासारखं बघत राहिले. बोलता बोलता मध्येच थांबायचे. चमचा, किल्ली, शेजारच्याचं नाव, असलं काहीतरी साधंच अडायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं वय झालंय. तुला तरी चष्मा कुठं ठेवला ते आठवतं का?" डॉक्टरांचं नाव काढलं तर मामा म्हणाले, "मला काय धाड भरलीया?" संपलं. घरात तीन माणसं शहाणी आणि मी एकटी वेडी.

खरं सांगायचं तर मी भ्यायले होते. ते थांबले की माझा जीव टांगणीला लागायचा. विसरलेत का नुसते थांबलेत? भाजी चिरता चिरता कान त्यांच्या खोलीकडं. आवाज आला तरी धास्ती, नाही आला तरी धास्ती.

एकदा दुपारी मी त्यांना सरळ विचारलंच, पण आडून. "मामा, नट विसरलाय का अभिनय म्हणून थांबलाय, हे तुम्हाला विंगेतनं कळायचं कसं?"

त्यांना बरं वाटलं. असलं त्यांना कुणी विचारत नव्हतं. "डोळं बघायचं," ते म्हणाले. "थांबलेला नट म्होरं बघतोय. इसरलेला नट विंगंकडं बघतोय. मान हलवत न्हाय, नुसतं डोळं."

"आणि मग?"

"मग पैला शब्द द्यायचा. पैलाच. सगळं वाक्य न्हाय. आणि हळू. लोकास्नी ऐकू गेलं की तो नट मेला."

त्यानंतरच्या शनिवारी मालिकेत नेमका प्रॉम्प्टर आला. नट अडला तसा हा गडी विंगेतनं बोंबलायला लागला, मग प्रत घेऊन तो स्टेजवरच आला, नटाच्या तोंडापुढं प्रत धरून बोटानं ओळी दाखवायला लागला. आमच्या घरात हसून भिंती हलल्या. चाचा तर खुर्चीवरनं खाली यायचे राहिले. मामा उठले. "नटाला उघडं पाडलं," एवढंच बोलले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. चाचांचं हसू थांबलं. डोळे पुसत तेही मागनं गेले. माझी आमटी तेवढ्यात करपली आणि त्याचंही खापर मी त्या मालिकेवर फोडलं.

तशात लेकीचं लग्न ठरलं. पाहुणे पेठ वडगावचे, घरची शेती, गोठा, माणसं मोकळी. सुपारी फोडायची तारीख निघाली आणि माझी झोप उडाली. आमच्या भावकीत सुपारी फोडण्याआधी घरातला वडीलधारा उभा राहून सोयरीक सांगतो. आमची लेक कुठं दिली, सून कुठली आणली, आजोळ कुठलं, कोण कुणाचं काय लागतं, सगळं तोंडपाठ, कागदाशिवाय. भावकीतल्या प्रत्येक सुपारीला ते मामाच सांगत आले. घरच्या नातीच्या वेळी दुसरं कोण उभं राहणार?

"तुम्ही सांगा ना या वेळी," मी नवऱ्याला म्हणाले.

"आणि दादांना काय सांगू? बसा म्हणून?"

त्याचंही बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मामांनी चाचांकडनं नवा सदरा शिवून घेतला होता. त्यांना अडवणं म्हणजे तो सदरा अंगावरनं काढून घेण्यासारखं होतं. आणि न अडवावं, तर भरल्या पाहुण्यांत अडखळले, चार माणसं हसली, की मामा पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत हे मला चांगलंच माहीत होतं. शनिवारी खुर्चीतसुद्धा बसणार नाहीत.

सुपारीच्या दिवशी हॉलमध्ये मी बायकांच्या बाजूला, अगदी पुढं बसले. पाहुण्या बायकांचं हळदीकुंकू, नारळ, पेढे, कशातच माझं लक्ष नव्हतं. मामा उभे राहिले. सदरा छान बसला होता. आवाज खणखणीत लागला. त्यांनी पंजोबांपासून सुरुवात केली, मग स्वतःची आई मलकापूरची, मग नणंद कुठं दिली, तिचे दीर कोण, जावा कोण. पाहुणे माना डोलवायला लागले. माझ्या मुठी सुटल्या.

"आणि ह्या पोरीची आई, म्हंजे आमची सून," मामा म्हणाले, "ती आणली आम्ही..."

थांबले.

पंख्याचा आवाज मोठा झाला. मामांनी समोर बघितलं, भिंतीवरच्या तोरणाकडं बघितलं. मग मान न हलवता त्यांचे डोळे माझ्याकडं आले.

"गारगोटी!" मी म्हणाले.

म्हणाले कसली, माझ्या माहेरच्या गावाचं नाव ओरडले. माझा आवाज मुळातच दोन शेतांपलीकडं जाणारा, त्यात इतक्या दिवसांची धास्ती. अख्ख्या हॉलनं माना वळवल्या. स्वयंपाकाच्या बाजूला कुणाच्या तरी हातातलं भांडं वाजलं. नवऱ्या मुलाचा चुलता मोठ्यानं हसला, "आजोबा, सून लई तयारीची हाय की!"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदर सारखा करायला लागले. मग ते पाहुण्यांकडं वळले. "पावणं, थांबलतो मी. इसरलो न्हवतो. पण हिचं माहेर यायला लागलं की हिला दम कुठला निघतोय!"

हॉल हसून लोटपोट झाला. मामांनी पुढची सगळी सोयरीक न अडखळता सांगितली, सुपारी फुटली, पेढे वाटले. जेवणाच्या पंगतीत वाढपी पोरंसुद्धा मला बघून "गारगोटी, भात?" म्हणत होती. मी हसत होते. एकदा वाटायचं, बरं झालं, खरंच थांबलेच असतील, मीच खुळ्यासारखी टपून बसले होते. लगेच ते डोळे आठवायचे. नवरा गाडीत म्हणाला, "बघ, काही झालंय का त्यांना? उगीच डोकं खातेस." मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतरचा शनिवार. सातला घर भरलं, पण मालिका कोण बघतंय? वरच्या बाईंनी माझी नक्कल केली, लेकीनं ती सुधारली, आणि "गारगोटी" दहा वेळा तरी झालं. टीव्हीत नट अडला तेव्हा मामांनी शब्द दिला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मालिका संपली, माणसं गेली, लेक फोन घेऊन गच्चीवर गेली, नवरा गाडी आत घ्यायला बाहेर गेला. टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. चाचा अजून बसले होते.

"ऐक गं," मामा म्हणाले. मी उंबऱ्यातनं पुढं झाले.

"त्या दिशी इसरलतो."

चाचा खाली फरशीकडं बघत होते. त्यांना हे आधीपासनं ठाऊक होतं, हे मला त्यांच्या मानेवरनं कळलं.

"मग मला सगळ्यांपुढं बोल का लावलात?" हे मी विचारायला नको होतं, पण माझ्या तोंडाला लगाम कधी होता?

"दोघांतल्या एकाला लोकास्नी हसू द्यायचंच हुतं," मामा म्हणाले. "तू सोसशील. मला सोसलं नसतं." मग, "डागदरकडं जाऊया. पण घरच्या मंडळींस्नी इतक्यात सांगू नगं. आणि म्होरल्या बारीला हळू सांग. नुसतं 'गा' म्हणाली असतीस तरी घावलं असतं मला."

"व्हय," मी म्हणाले. माझा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक निघाला.

"उंबऱ्यातनं वरडावंच लागणार. हितं बस."

चाचा उठले. त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची मामांच्या खुर्चीजवळ आणखी सरकवली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि स्वतः जाऊन दिवाणाच्या कडेला टेकले. मी गॅस बंद करून आले आणि बसले. जाहिराती संपून तोच भाग पुन्हा लागला होता. तोच नट तोंड उघडं टाकून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही, मामांच्या डोळ्यांकडं बघत राहिले. ते अजून समोरच बघत होते.